पहिलीच गाडी, तीही जुनी : अडीच लाखांत नागपुरात काय घ्यावं?

नंदनवनची :

नमस्कार मंडळी. आमच्या घरात आजवर चारचाकी आलेली नाही, त्यामुळे घरात विचारायला कोणी नाही. मी मिहानमध्ये नोकरीला आहे. दुसऱ्या पाळीला सुटायला रात्रीचे साडेदहा होतात, आणि मी स्कुटीने घरी पोचेपर्यंत आई जागीच असते. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना ऑटोत चढणं जमत नाही. लायसन्स मागच्या वर्षी काढलं. क्लासच्या अल्टोवर शिकले, तेवढाच हात आहे.

बजेट सगळं धरून अडीच लाख, कर्ज नको. रोजचं जाणं-येणं तीसेक किलोमीटर, अधूनमधून भंडाऱ्याला आजीकडे.

तीन गाड्या पाहून आले. पहिली आय-टेन, २०१३ ची, १.१ इंजिन, डीलरकडे, दोन लाख दहा. एकदम चकाचक, नवीन सीट कव्हर, मीटरवर ७१ हजार. दुसरी वॅगन-आर व्हीएक्सआय, २०१४ ची, अयोध्या नगरातल्या एका रिटायर मास्तरांची. पहिलेच मालक, ६२ हजार चाललेली, दोन पंचेचाळीस सांगतात. बॉनेटचा रंग उडालाय, डाव्या दाराला पोचा आहे. तिसरी सेलेरिओ ऑटोमॅटिक, २०१६ ची, फक्त २८ हजार चाललेली, अडीच लाख. मालक म्हणतात बदली झाली म्हणून विकतोय. क्लच नाही, ट्रॅफिकमध्ये सोपी, त्यामुळे माझं मन तिसरीवर आहे. कोणती घेऊ?

वऱ्हाडी_गडी :

ताई, तिसरी एवढ्या स्वस्तात काहून देऊन राहिले, ते आधी शोधा. २८ हजार चाललेली ऑटोमॅटिक कोणी उगाच कमी भावात देत नाही. बदली झाली तं माणूस गाडी सोबत नेते. २०२३ च्या सप्टेंबरात पूर आला तवा ही गाडी कुठे उभी होती, हे नक्की विचारा.

खामल्याची_काकू :

बाळा, गाडी बघायला एकटी जाऊ नकोस. दिवसा जा, सोबत कोणीतरी असू दे, आणि मनात भरली तरी पहिल्या भेटीत टोकन देऊ नकोस. "संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे" असं म्हणाले तर येऊ दे म्हणावं.

चौदाचा_पाना :

हिंगणा रोडला गॅरेजमध्ये माझी बरीच वर्षं गेली, म्हणून सविस्तर लिहितो. तुम्ही "कोणती गाडी" विचारताय. या बजेटमध्ये मॉडेल दुय्यम असतं. दहा-बारा वर्षांच्या दोन वॅगन-आर शेजारी उभ्या केल्या, तर एक अजून पाच वर्षं बिनघोर चालेल आणि दुसरी दर महिन्याला गॅरेजात येईल. फरक ती कोणी, कशी वापरली याचा. म्हणून ज्या गाडीचा मागचा इतिहास बिलासकट समोर मांडता येतो, तीच घ्या. ज्या गाडीबद्दल फक्त तोंडी सांगितलं जातं, ती कितीही चमकत असली तरी सोडा.

आता बघायची कशी. सकाळी जा आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की गाडी आम्ही आल्यावरच चालू करायची. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर थंड इंजिनचा त्रास लपवण्यासाठी आधीच चालू करून ठेवलेली असू शकते, दुसऱ्या दिवशी परत जा. थंड इंजिन चालू करताना एकाने मागे सायलेन्सरपाशी उभं राहायचं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, ती गाडी तिथेच संपली. पांढरी वाफ थंडीत थोडा वेळ येते ते चालतं. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर कूलंट आत जातंय. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. साय धरल्यासारखा पांढरट थर असेल तर ऑइलात पाणी शिरलेलं असू शकतं. रेडिएटरचं पाणी गंजासारखं तांबूस असेल तर वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलंय. नागपूरच्या मे महिन्यात अशी गाडी सिग्नलवर तापते.

एसीची परीक्षा ही इथली सगळ्यात मोठी परीक्षा. चार बोटांनी हवा थंड लागते का बघून भागत नाही. भर दुपारी गाडी उन्हात उभी करून, एसी फुल ठेवून पंधरा-वीस मिनिटं आयडलवर चालू द्या. टेम्परेचरचा काटा किंवा लाइट बघत राहा, रेडिएटरचा पंखा आपोआप लागतो-सुटतो का ऐका. एसी हळूहळू गरम होऊ लागला तर गॅस कमी आहे, कंडेन्सर चोंदलाय किंवा कॉम्प्रेसर थकलाय. कॉम्प्रेसरचा खर्च तुमच्या बजेटला मोठा पडेल.

क्लचसाठी कामठी रोडचा डबल डेकर पूल किंवा मानकापूरचा पूल बघा. चढावर वरच्या गिअरमध्ये रेस दिली की इंजिन ओरडतं पण गाडी वेग घेत नाही, तर क्लच प्लेट गेली. गतिरोधकावरून सावकाश घ्या. पुढून खडखड आली तर शॉक ॲब्झॉर्बर किंवा लोअर आर्मचे बुश (चाक धरणाऱ्या दांड्यातले रबर) झिजलेत. हे काम होण्यासारखं आहे, भावातून कापून घ्या.

ठोकलेली गाडी ओळखायला रंग बघत बसू नका, बोल्ट बघा. बॉनेटच्या बिजागरीचे आणि फेंडरचे बोल्ट उघडले गेले असतील तर त्यांच्या कडेचा रंग उडालेला दिसतो. दाराचं रबर बोटाने ओढून खालचे वेल्डिंगचे ठिपके बघा. कंपनीचे ठिपके एका अंतरावर गोल असतात, गॅरेजचं वेल्डिंग हाताला लागतं. दाराला पोचा, बंपरला ओरखडा याची चिंता करू नका. शिकाऊ हाताला पोचा आलेली गाडी बरी, नवीन पोचा आला तरी जीव जळत नाही.

आता तुमच्या तिन्ही गाड्यांबद्दल. आय-टेनच्या १.१ ला टायमिंग बेल्ट असतो. तो वेळेवर बदलला नाही आणि चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह वाकू शकतात, म्हणून बेल्ट बदलल्याचं बिल मागा. तुम्ही शिकलात ती ८०० सीसीची अल्टोही बेल्टवालीच. वॅगन-आर आणि सेलेरिओमध्ये के-सिरीजचं एकच १.० इंजिन आहे, त्याला चेन असते, बेल्टची भानगड नाही. पार्ट नागपुरातल्या कुठल्याही कोपऱ्यात मिळतात. सेलेरिओचा ऑटोमॅटिक गिअर म्हणजे आत साधाच गिअरबॉक्स आणि क्लच, फक्त तो दाबायचं काम यंत्र करतं. ते यंत्र जुनं झालं की दुरुस्ती महाग. पहिली गाडी म्हणून ती मी सुचवणार नाही.

सर्व्हेअर_नाग :

विम्याच्या कामात असल्यामुळे एक गोष्ट सांगतो, जी फार कमी लोक बघतात. मालकाकडून मागच्या दोन-तीन वर्षांच्या विमा पॉलिसी मागा आणि त्यावर नो क्लेम बोनस किती टक्के आहे ते वाचा. क्लेम घेतला नाही तर हा बोनस दरवर्षी २०, २५, ३५, ४५, ५० असा चढत जातो. क्लेम घेतला की पुढच्या नूतनीकरणाला शून्य. म्हणजे सात-आठ वर्षं जुन्या गाडीच्या पॉलिसीवर अचानक शून्य दिसला, तर आधीच्या वर्षी काहीतरी झालेलं असू शकतं. काय झालं ते मालकाने कागदासह दाखवावं. काही लोक नो क्लेमची जोड-पॉलिसी घेतात, मग बोनस टिकून राहतो. म्हणून ५० टक्के दिसले म्हणजे सगळं ठीक असंही समजू नका. पण शून्य दिसला तर प्रश्न विचारायलाच हवा.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत घुसलं. मोर भवन बसस्थानकातल्या बसेस पाण्यात होत्या. खालच्या पार्किंगमधल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. त्यातल्या दुरुस्त झालेल्या काही गाड्या बाजारात फिरताहेत. धुऊन, पॉलिश करून त्या छान दिसतात, पण वायरिंगचे जोड आतून गंजत राहतात. आज पॉवर विंडो, उद्या सेन्सर, आणि रस्त्यात बंद पडली तर कारण लवकर सापडत नाही. रात्री साडेदहाला वर्धा रोडवर एकट्या मुलीसाठी तर अशी गाडी नकोच.

बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटपर्यंत. जो भाग कायम गुंडाळलेला असतो तिथे चिखलाचा डाग किंवा वेगळा रंग राहतो. स्टेपनी उचलून खाली बघा, सीटच्या रुळांचे स्क्रू बघा, कार्पेट कोपऱ्यातून उचला.

फिगोप्रेमी :

मॉडेलला कमी लेखू नका. या बजेटमध्ये फोर्ड फिगो पेट्रोल आरामात येते. चालवायला दणकट, स्टिअरिंग छान. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं म्हणून भाव पडले, त्याचा फायदा का घेऊ नये?

चौदाचा_पाना :

फिगो मलाही आवडते. पण ज्याला गाडीतलं कळतं त्याच्यासाठी. साधा फिल्टर, ब्रेक पॅड मिळतील, मात्र एखादा इलेक्ट्रिकल पार्ट मागवायचा झाला तर गाडी दिवस-दिवस गॅरेजात उभी राहते. ताईंना रोज ड्युटीवर जायचंय. शेवरले बीटचंही तेच, जनरल मोटर्सने २०१७ अखेर इथली विक्री बंद केली. दुसरी गाडी म्हणून घ्या, पहिली म्हणून नको.

समृद्धीवरचा :

सुरक्षिततेबद्दल कोणीच बोललं नाही. जुलै २०१९ पासून बनलेल्या प्रत्येक कारमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टची सूचना आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) त्याच वर्षी एप्रिलपासून. त्याआधीच्या स्वस्त गाड्यांमध्ये हे वरच्या मॉडेललाच मिळायचं, म्हणून गाडीत बसून प्रत्यक्ष बघा. गाड्यांची टक्कर-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या २०१४ च्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या अल्टो ८०० ला शून्य तारे होते. टाटाच्या टियागोला २०२० मध्ये चार मिळाले. थोडं थांबून बजेट वाढवता आलं तर एअरबॅगवाली टियागो बघा, असं माझं मत.

आणि टायर. बाजूच्या भिंतीवर चार आकडी कोड असतो. ३११७ म्हणजे २०१७ चा एकतिसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी जुना टायर उन्हाने कडक होतो, आणि इथल्या सिमेंट रोडवर उन्हाळ्यात त्याचा भरवसा नाही. समृद्धीवर १२० ची मर्यादा असली, तरी अशा टायरवर कोणी ८० च्या वरही जाऊ नये.

खामल्याची_काकू :

समृद्धीवरचा भाऊ, तुमचं पटतं. पण तिचा रोजचा रस्ता शहरातला आहे, आणि रात्रीची स्कुटी तिने आजच सोडावी असं मला वाटतं. दोन वर्षं थांबून चांगली गाडी घेण्यापेक्षा आता साधी घेऊन सावकाश चालवणं बरं. मागच्या सीटवर बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा, बाबांनी सुद्धा.

वऱ्हाडी_गडी :

अजून एक. एमपी-२८, सीजी-०४ पासिंगच्या गाड्या स्वस्त दिसून राहतात. छिंदवाडा, रायपूर जवळ आहे, मोह होते. पण तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत पत्र), त्याचा फॉर्म २८, मंग महाराष्ट्राचा टॅक्स नव्याने. तिकडचा टॅक्स परत मिळवायला वेगळे हेलपाटे. दिल्ली पासिंगच्या डिझेलचं तं विचारूच नका. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंधनं आली म्हणून त्या गाड्या इकडे येतात. पहिली गाडी एमएच-३१, एमएच-४९ नाही तं एमएच-४० चीच पाहा. ट्रान्सफर इथल्या इथे होते.

मिहानमधला :

मी पण मिहानमध्येच आहे. सीएनजीचं काय? रोज तीस किलोमीटर म्हणजे पेट्रोलचा खर्च बराच होईल.

चौदाचा_पाना :

नागपुरात पंप मोजके, रांगा लागतात, आणि मुंबईच्या मानाने इथे सीएनजी महागच पडत आलाय. शिवाय जुन्या गाडीला बाहेरून बसवलेलं किट आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) चढवलेलं आहे का ते बघावं लागतं. नसेल तर विमा अडतो. तीस किलोमीटरला पेट्रोलच ठीक. डिझेल तर एवढ्याशा पल्ल्यासाठी घेऊच नये.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दलही लोक विचारतात. २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या ई-२० (२० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोल) साठी बनलेल्या नाहीत. ॲव्हरेज थोडं कमी होतं आणि जुने रबरी पाइप लवकर कडक होतात. घेतल्यावर पेट्रोलचे पाइप एकदा तपासून घ्या, एवढंच.

नंदनवनची :

सगळ्यांचे मनापासून आभार. शेजारच्या ओळखीच्या मेकॅनिक दादांना त्यांची फी देऊन सोबत नेलं आणि तिन्ही गाड्या परत बघितल्या.

सेलेरिओ. मालक ड्रायव्हर सीटजवळच उभे होते, म्हणून मी आधी मागचा सीटबेल्ट ओढला. ओढत गेले. शेवटच्या वीतभर पट्ट्याचा रंग वरच्यापेक्षा वेगळा होता, करड्याऐवजी मातकट, आणि बोटाला बारीक कोरडी माती लागली. स्टेपनीखाली कोपऱ्यात वाळलेला गाळ होता. पॉलिसी मागितली, तर २०२४ च्या पॉलिसीवर बोनस शून्य. गाडी डागा लेआउटमधल्या इमारतीच्या तळघरात असायची, हे त्यांनी विचारल्यावर सांगितलं. आम्ही नमस्कार करून निघालो.

आय-टेन. मेकॅनिक दादांनी गाडीचा नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिसिंगची नोंद काढून मागितली. डीलरने टाळाटाळ केली, शेवटी दिली. २०२१ मध्येच १ लाख १८ हजार किलोमीटरची नोंद आहे. मीटरवर आज ७१ हजार. ब्रेकच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत झालेलं होतं, ते मी आधी पाहिलंच नव्हतं.

मास्तरांची वॅगन-आर. त्यांनी एक जाड फाइल काढली, पहिल्या सर्व्हिसिंगपासूनची सगळी बिलं तारखेनुसार लावलेली. बॅटरी कधी बदलली, ब्रेक शू कधी, सगळं अक्षरात. विम्यावर ५० टक्के बोनस. इंजिन थंड होतं, धूर नाही, ऑइलचं झाकण स्वच्छ. एसी अर्धा तास चालवला, थंड राहिला. गतिरोधकावर पुढून खडखड येते. टायर चारही २०१७ चे. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसवलेली नाही. आणि ॲपवर आरसी काढली तर त्यावर अजून बँकेचं नाव आहे. मास्तर म्हणतात कर्ज कधीच फिटलं. यात अडचण आहे का?

सर्व्हेअर_नाग :

अडचण नाही, पण पैसे द्यायच्या आधी निस्तरून घ्या. कर्ज फिटलं तरी आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही. बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घ्यावा लागतो, तो आरटीओत गेला की नाव निघतं. मालकानेच हे करायचं, कारण बँक त्यांनाच ओळखते. बँकेचं नाव असताना गाडी तुमच्या नावावर चढणार नाही. नंबरप्लेटही त्यांनाच बसवायला सांगा. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती सक्तीची आहे, नसली तर आरटीओचं काम अडतं. कारसाठी ७४५ रुपये अधिक जीएसटी, फार नाही. थकलेली ई-चलानं आहेत का तेही बघा.

चौदाचा_पाना :

ही गाडी घ्या. खडखड म्हणजे बहुतेक लोअर आर्मचे बुश किंवा स्ट्रट माउंटिंग (शॉक ॲब्झॉर्बरचा वरचा जोड). टायर चारही बदलावे लागतील, पंधरा हजारांच्या आसपास धरा. हे दोन्ही खर्च मास्तरांसमोर कागदावर मांडा. बिलं जपून ठेवणारा माणूस हिशेब समजून घेतो. आरसी २०२९ पर्यंत आहे. पुढे ठेवायची असली तर फिटनेस करून पाच वर्षं वाढते. त्या वेळी नूतनीकरणाची फी आणि पर्यावरण कर लागेल, ते आत्तापासून माहीत असू द्या.

मिहानमधला :

भावाबद्दल अजून एक मुद्दा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर १८ टक्क्यांवर आला. नवीन गाडी स्वस्त झाली, तर जुनीचा भाव आधीचाच कसा राहील? हे मास्तरांशी सरळ बोला.

नंदनवनची :

बोलले. टायर आणि बुशचा अंदाज लिहूनच नेला होता. मास्तरांनी चष्मा लावून वाचला आणि दोन लाख वीसवर आले. बँकेची एनओसी त्यांनी मागवली, नंबरप्लेटची तारीख घेतली. टोकन म्हणून पाच हजार दिले, पावती घेतली, बाकीचे बोजा उतरल्यावर. राहिलेल्या तीस हजारांत टायर, बुश, ऑइल-फिल्टर, ट्रान्सफर आणि विमा बसवते.

समृद्धीवरचा :

अभिनंदन! ही २०१४ ची आहे, त्यामुळे एअरबॅग-एबीएस आहे का ते एकदा पाहून घ्या. नसेल तर वेग आणि अंतर दोन्ही जपा.

सर्व्हेअर_नाग :

अभिनंदन ताई. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या झाल्या की अर्ज लगेच करा, एजंटच्या भरवशावर पडून देऊ नका. विमाही १४ दिवसांच्या आत तुमच्या नावावर करायला कंपनीला कळवा. थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीचा विमा) तोवर चालू राहते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम जुन्या मालकाच्या नावावर अडकतो. मास्तरांचा ५० टक्के बोनस तुम्हाला मिळणार नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. त्यामुळे हप्ता त्यांच्यापेक्षा जास्त येईल, तेवढी रक्कम बाजूला ठेवा. गाडी ताब्यात घेताना तारीख आणि वेळ लिहिलेला कागद दोघांनी सही करून ठेवा.

खामल्याची_काकू :

रविवारी सकाळी रस्ते मोकळे असतात. आधी दोन-चार रविवार वर्धा रोडवर ड्युटीच्या रस्त्यानेच फिरवून आण, मग रात्रीची काढ. सोबत कोणी नसेल तर मला सांग, मी येते.